‘कोणाकडे आलात?’ : अनोळखी राजधानी आणि पहिल्या दर्शनाचे नीतिशास्त्र

प्रवासवर्णनाविषयी मराठीत जी समीक्षा झाली तिच्यात ‘पहिल्या दर्शनाचा टवटवीतपणा’ या गुणाचा उल्लेख वारंवार येतो. लेखक एखाद्या अनोळखी शहरात उतरतो, नकाशा बाजूला ठेवून पायी हिंडतो, आणि तेथे जन्म काढलेल्यांच्या नजरेतून निसटलेले काही त्याला गवसते, असे या प्रशंसेमागचे गृहीतक असते. अतिपरिचयातून अवज्ञा निर्माण होते हे सुभाषित तिच्या पाठीशी उभे राहते. रशियन रूपवाद्यांची अपरिचितीकरणाची संकल्पनाही तिच्या मदतीला बोलावता येते. उलट, त्या शहराचा रहिवासी असे लेखन वाचतो तेव्हा तो बहुधा हसतो. दोन दिवसांत गाव ‘कळलेल्या’ पाहुण्याविषयीचे हे हसू मराठी वाचकाला चांगले परिचयाचे आहे, कारण आपल्या गावाविषयी इतरांनी लिहिलेले वाचताना तोही असाच हसलेला असतो.

एक पक्ष नवख्याच्या दृष्टीला विशेष अधिकार देतो, दुसरा तो नाकारतो. दोन्ही पक्ष मात्र हा प्रश्न ज्ञानाचा समजतात : नवख्याला दिसते ते खरे, की रहिवाशाला ठाऊक असते ते खरे? मला येथे जो प्रश्न उपस्थित करावयाचा आहे तो याच्या अलीकडचा आहे. पहिले दर्शन घडण्यासाठी आधी शहरात पाऊल टाकता यावे लागते, रस्त्याने निर्वेधपणे चालता यावे लागते, रात्री कोठेतरी पाठ टेकता यावी लागते. हे कोणाला साधते आणि कोणाला साधत नाही? ज्याला साधते तो, ज्यांनी त्याला येऊ दिले त्यांचे, काही देणे लागतो काय? हा प्रश्न नीतीचा आहे, आणि त्याचे उत्तर वाङ्मयाच्या संहितेतच, वर्णनाच्या दाटपणात आणि विरळपणात, शोधता येते असे माझे म्हणणे आहे.

प्रवासवर्णनाचा वाङ्मयप्रकार म्हणून मराठीत ज्यांनी साक्षेपाने विचार केला त्यांत डॉ. वसंत सावंत यांचे नाव अग्रभागी आहे. ‘प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार’ हा त्यांचा ग्रंथ या विषयाच्या अभ्यासकाला आजही टाळता येत नाही. सावंत हे कवी होते आणि सावंतवाडीच्या महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. म्हणजे प्रवासलेखनाचा हा विचार एका जुन्या राजधानीत राहणाऱ्या माणसाने केला, आणि राजधानीही अशी की जिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणूस सहज पायी जाऊ शकतो. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला तो सोडवत नाही.

राजधानी आणि पादचारी यांचा संबंध आधी जरा दूरच्या उदाहरणावरून पाहू. बेलग्रेड, सोफिया, साराजेव्हो, स्कॉपिए, तिराना या शहरांतून मराठी लेखक क्वचितच हिंडला आहे. अथेन्स हीसुद्धा भूगोलाच्या हिशेबाने बाल्कन द्वीपकल्पातलीच राजधानी. पण तेथे आपण जातो ते सॉक्रेटिसाला भेटायला, आणि तिला बाल्कन म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. बाल्कन प्रदेशाशी आपली ओळख झाली ती एका शब्दातून. भाषावार प्रांतरचनेच्या वादात ‘बाल्कनीकरण’ या शब्दाचा धाक घातला जात असे. तुकडे, वैर आणि रक्तपात यांचे त्या प्रदेशाशी असलेले समीकरण आपल्या मनात, तो नकाशावर कोठे आहे हे नीटसे ठाऊक होण्यापूर्वीच, रुजून गेले. उद्या एखादा मराठी प्राध्यापक परिसंवादाच्या निमित्ताने सोफियाच्या रस्त्यावर उतरला तर त्याचे पहिले दर्शन हे पहिले असणार नाही. दुकानांवरची सिरिलिक अक्षरे त्याला वाचता येणार नाहीत, पण शहर मात्र त्याने आधीच ‘वाचलेले’ असेल.

गाडामरने ‘सत्य आणि पद्धती’ (१९६०) या ग्रंथात पूर्वग्रहाला आकलनातला दोष न मानता आकलनाची अट मानले, हे आपल्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ते मान्य केले तरी एक गोष्ट उरते. पूर्वग्रह पाहणाऱ्याचा असतो आणि त्याची किंमत बहुधा पाहिल्या गेलेल्याला मोजावी लागते. बल्गेरियात जन्मलेल्या इतिहासकार मारिया तोदोरोवा यांनी ‘इमॅजिनिंग द बाल्कन्स’ (१९९७) मध्ये दाखवून दिले आहे की प्रवासी, मुत्सद्दी आणि वार्ताहर यांच्या लेखनातून ‘बाल्कन’ हे एका द्वीपकल्पाचे नाव हळूहळू निंदावाचक विशेषण कसे बनले. रॉबर्ट कॅप्लान यांचे ‘बाल्कन घोस्ट्स’ १९९३ मध्ये आले. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष क्लिंटन यांनी ते वाचले आणि बॉस्नियात हस्तक्षेप करण्याविषयीची त्यांची अनिच्छा त्यामुळे बळावली, असे त्या काळी प्रसिद्ध झाले होते. त्या पुस्तकाचा परिणाम नेमका किती, हा वादाचा विषय राहील. पण साराजेव्होचा वेढा १९९२ ते १९९६ पर्यंत चालला, आणि त्या अवधीत त्या शहरात पायी रस्ता ओलांडणे हेच प्राणसंकट होते. एका प्रवाशाचे शहरातून चालणे आणि त्या शहराच्या रहिवाशाला चालता न येणे, या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असू शकतो अशी नुसती शक्यताही प्रवासवर्णनाच्या समीक्षेला अस्वस्थ करायला पुरेशी आहे.

बाल्कनमध्ये मला सर्वांत जवळचे वाटते ते शहर मात्र यांपैकी कोणतेच नव्हे. माँटेनिग्रोचे त्सेतिन्ये हे डोंगरांनी वेढलेले छोटेसे गाव १९४६ पर्यंत त्या देशाची राजधानी होते. १८७८ च्या बर्लिन परिषदेत माँटेनिग्रोला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता मिळाल्यावर युरोपातील बड्या सत्तांनी तेथे वकिलाती बांधल्या. राजधानी हलल्यावर त्या इमारती मागे राहिल्या आणि त्यांत इतर संस्था नांदू लागल्या. न्येगोश या राजा-बिशपाने, जो तेथील श्रेष्ठ कवीही होता, १८३८ मध्ये बांधलेल्या निवासाला त्यातल्या बिलियर्ड-टेबलावरून ‘बिल्यार्दा’ म्हणतात. राजसत्ता निघून गेली आणि तिची नावे रस्त्यांवर राहिली. हे वाचताना सावंतवाडी आठवली नाही तर तो आमच्या जिल्ह्यातला माणूस नव्हे.

सावंत-भोसल्यांच्या संस्थानाची ही राजधानी. जुने नाव सुंदरवाडी. आसपासच्या गावांत अजूनही नुसते ‘वाडी’ म्हटले की हेच शहर. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्याचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात गेला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा जिल्ह्याचे मुख्यालय वाडीला न येता पुढे ओरोसच्या माळावर नव्याने वसवले गेले. राजवाडा आहे, त्याच्यासमोर मोती तलाव आहे, पलीकडे नरेंद्र डोंगर आहे, राज्य नाही. मी मालवणच्या किनाऱ्यावरचा. वाडी प्रथम पाहिली ती विद्यार्थिदशेत, आणि तीही पायी, कारण खिशात परतीच्या एसटीपुरतेच पैसे होते.

अशा शहरात नवखा आधी काय वाचतो? माझ्यापुरते सांगायचे तर वाड्यांची आणि आळ्यांची नावे. सबनीसवाडा, वैश्यवाडा, माठेवाडा, सालईवाडा, भटवाडी, उभा बाजार, चितार आळी. सबनीस हा मराठी राज्यव्यवस्थेतला हुद्दा. तो हुद्दा संपला, सनदा गेल्या, वाडा नावापुरता उरला. शहराच्या पोटात त्याची जुनी राज्यघटना अशी पाट्यांच्या रूपाने शिल्लक असते. चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत, आणि त्यांत लाखेच्या रंगांनी रंगवलेली फळे : आंबा, केळे, वांगे, मिरची. पहिल्या दृष्टीला ती खरी वाटावीत यातच त्या कारागिरीचा पराक्रम. हातात घेतले की वजन कळते आणि भ्रम फिटतो. (पहिल्या दर्शनाच्या सिद्धान्तकारांनी ही फळे एकदा हाताळावीत.) राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मोडकळीला आलेली कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस गोल पाने असतात. ज्या दरबारात पूर्वी परक्याने हुकमाविना पाऊल टाकायचे नाही, तो दरबार आता परक्याच्या पाहण्यावर काही अंशी आपली कला जगवतो.

पण या सर्व ‘पाहण्या’पूर्वी एक गोष्ट घडलेली असते, आणि तिची नोंद प्रवासवर्णनांत अभावानेच येते. मी दुकानाच्या दारात उभा राहिलो तेव्हा आतून प्रश्न आला, ‘‘खंयसून इलास? कोणाकडे?’’ मी म्हणालो, ‘‘कोणाकडेच नाय. असोच गाव बघूक इलंय.’’ दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाला, ‘‘मगे बघ. चाय घेतलंस काय?’’

‘कोणाकडे?’ या प्रश्नात एक संपूर्ण तत्त्वज्ञान आहे. त्याचे गृहीत असे की माणूस गावात येत नाही, तो गावातल्या कोणाकडे तरी येतो. गाव ही नुसती जागा नव्हे, ती घरांची मिळून झालेली वस्तू आहे, आणि घराच्या मध्यस्थीवाचून तिच्यात शिरता येत नाही. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, पाहण्याची क्रिया नवख्यापासून सुरू होत नाही. तो पाहू लागण्यापूर्वीच पाहिला गेलेला असतो. शहराचे त्याला जे पहिले दर्शन घडते ते, शहराने त्याचे जे पहिले दर्शन घेतले त्यानंतरचे असते आणि त्याने नियंत्रितही केलेले असते. मी मालवणीत उत्तर दिले म्हणून मला मालवणी ऐकू आली. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला तोच दुकानदार ‘‘कुठून आलात? बसा ना’’ असे पुस्तकी मराठीत म्हणाला असता. आमच्याकडे हे सहज घडते. पाहुणा दिसला की भाषा कपडे बदलते. म्हणजे पाहुण्याला शहराची बोली ऐकूच येत नाही, आणि तो परत जाऊन लिहितो की सावंतवाडीचे लोक किती शुद्ध बोलतात. उलट, मालवणीत उत्तर देणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला : गाव कोणते, आणि मग आडनाव काय. आडनाव सांगितले की नवखेपण संपते. संपते म्हणजे तुम्ही ओळखीचे होता असे नव्हे. तुम्हाला एक जागा नेमून दिली जाते.

युरोपीय सिद्धान्तनात शहरातल्या पादचाऱ्याला मोठा मान आहे. बॉदलेअरच्या पॅरिसवर लिहिताना वाल्टर बेन्यामिनने रमतगमत हिंडणाऱ्या ‘फ्लानर’ला आधुनिकतेचा साक्षीदार बनवले. मिशेल द सेर्तोने न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या एकशे दहाव्या मजल्यावरून शहर पाहिले आणि ते सर्वसाक्षी दर्शन नाकारून खाली चालणाऱ्यांच्या पावलांत शहराची खरी लेखनक्रिया शोधली. गेल्या काही दशकांत या संकल्पना मराठी समीक्षेतही आल्या आहेत. त्या येताना त्यांची एक अट मात्र बंदरावरच राहिली. फ्लानर गर्दीत मिसळतो. त्याला कोणी ‘कोणाकडे?’ असे विचारत नाही. त्याचे स्वातंत्र्य हे अनामिकतेचे स्वातंत्र्य आहे, आणि अनामिकता ही मोठ्या शहराने आपल्या काही नागरिकांना दिलेली सवलत आहे. फ्लानरसाठी मराठीत शब्द सापडत नाही याचे आपल्याला वैषम्य वाटते. जे शब्द आहेत ते पाहा : रिकामटेकडा, उनाड, भटक्या. प्रत्येकात दोषारोप आहे. शब्दाचा हा अभाव आपल्या भाषेचे दारिद्र्य मानण्याचे कारण नाही. निर्हेतुक चालणाऱ्याकडे आपला समाज कसा पाहत आला याचे ते अचूक टिपण आहे.

आता दोन संहिता शेजारी ठेवतो. दोन्हींत एक मराठी माणूस महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी संस्थानाच्या राजधानीत येतो, आणि दोघांमध्ये साठ वर्षांचे अंतर आहे.

पहिली विष्णुभट गोडसे वरसईकरांची ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा कर्जात पिचलेला भिक्षुक, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमाळीत सापडला. १८५८ मध्ये ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा तो आत होता. चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून त्याने आपली हकीकत पुढे लिहून काढली. ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. गोडसे भटजींच्या झाशीविषयी सगळेच गौरवाने बोलतात, आणि ते योग्यच आहे. शहर, वाडा, राणीचा दिनक्रम, खाणेपिणे, पाण्याची ददात, तोफांचा मारा, पाडावानंतरची कत्तल, लुटलेला आणि जाळलेला ग्रंथसंग्रह : हे शहर मराठी गद्यात घट्ट उभे आहे. त्याचे श्रेय आपण भटजींच्या निरीक्षणशक्तीला, निर्व्याज शैलीला देतो. पण ते शहर त्यांना दिसले कसे? एका अर्थी भटजींना झाशी अनोळखी नव्हतीच. नेवाळकरांचे राज्य मराठी, पदरी दक्षिणी ब्राह्मण मंडळी, आणि भिक्षुकाला दार उघडावे हा धर्म. ‘कोणाकडे?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी जन्मापासून तयार होते. घाट, देऊळ, यज्ञमंडप, पंगत : उत्तर हिंदुस्थानातल्या कोणत्याही शहराचा हा आतला नकाशा त्यांना न विचारता उपलब्ध होता. (मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले, गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरी आणली.)

दुसरी संहिता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ओळखली जाणारी ही आत्मपर टिपणे इंग्रजीत आहेत. ती १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. १९१७ मध्ये अमेरिका आणि लंडन येथील शिक्षणानंतर, शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदे संस्थानच्या चाकरीत रुजू होण्यासाठी आले. राजधानीत राहायचे कोठे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणार नव्हता. एका पारशी सरायमध्ये त्यांनी पारशी नाव नोंदवून जागा मिळवली. अकराव्या दिवशी सकाळी, कचेरीत जाण्याच्या तयारीत असताना, काठ्या घेतलेला जमाव वर आला आणि त्याने पहिला प्रश्न केला तो हाच : तू कोण? संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. ओळखीच्या दोन घरी विचारून पाहिले. कोठेच सोय झाली नाही. शेवटी सार्वजनिक बागेत बसून वेळ काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

या टिपणांकडे आपण सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहतो. तो ते आहेच. पण वर्णनाच्या दृष्टीने वाचले तर त्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. बडोदे शहर त्यात जवळजवळ नाही. सयाजीरावांची ती गाजलेली राजधानी, तिचे राजवाडे, तिचे रस्ते, यांतले काही नाही. आहे ती एक अंधारी, रिकामी, अडगळीने भरलेली सराय, एक कचेरी आणि एक बाग. न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आलेल्या, तीक्ष्ण निरीक्षणाच्या माणसाला एक शहर दिसत नाही, याचा अर्थ त्याच्या दृष्टीत शोधणे हास्यास्पद होईल. शहराने जेवढी दारे उघडली तेवढेच ते वर्णनात आले. एकही उघडले नाही, म्हणून उरली ती बाग; तिला दार नसते एवढाच तिचा गुण.

माझे प्रतिपादन एवढेच आहे की गोडसे भटजींची वर्णनसमृद्धी आणि आंबेडकरांची वर्णनविरलता या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत, आणि त्या एकत्र वाचल्याशिवाय दोहोंपैकी एकही नीट वाचली जात नाही. प्रवासवर्णनातले तपशिलांचे वैभव हे केवळ प्रतिभेचे माप नव्हे. लेखकाला किती उंबरे ओलांडता आले याचेही ते माप आहे. ही मोजपट्टी लावू लागलो की मराठी प्रवासलेखनाच्या इतिहासात रिकाम्या जागा दिसू लागतात. भटक्या-विमुक्तांइतके पायी कोण चालले असेल? अनोळखी गावाचे पहिले दर्शन त्यांच्या आयुष्यात अक्षरशः नित्याचे होते. पण १८७१ च्या कायद्याने त्यांच्यातल्या कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले, आणि गावात शिरताच आधी पाटलाकडे वा पोलिसांत वर्दी द्यायची ही त्यांच्या प्रवासाची रीत झाली. ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) यांना आपण आत्मकथनांच्या कप्प्यात ठेवले. त्या कप्प्याविषयी माझी तक्रार नाही. पण प्रवासवर्णनाचा अभ्यासक्रम आखताना ही पुस्तके कोणाला सुचू नयेत, याचे मला नवल वाटते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. ‘कोणाकडे?’ हा प्रश्न जर एवढा दाहक असेल तर महानगराची अनामिकताच नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ ठरत नाही काय? कोणी कोणाला न विचारणे हीच सभ्यता नव्हे काय? गाव सोडून मुंबईकडे गेलेल्या किती जणांनी ती सभ्यता म्हणून अनुभवली हे दलित साहित्य वाचणाऱ्याला सांगावे लागू नये. आक्षेपाचे उत्तर मला पूर्णपणे देता येत नाही. एवढेच म्हणेन की तोच प्रश्न मला चहा देऊन गेला, आणि त्याच प्रश्नाने दुसऱ्याच्या अंगावर काठ्या आल्या. प्रश्न विचारणे आणि उत्तरावरून दार लावणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. अनामिकता दुसरीपासून वाचवते, पण पहिलीही नाहीशी करते. आणि जेथे कोणी काही विचारतच नाही तेथे चालणाऱ्याला वाटू लागते की शहर केवळ त्याच्या पाहण्यासाठी मांडून ठेवले आहे.

असे मांडून ठेवणे आता आमच्या किनाऱ्यावर धोरण म्हणून चालू आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याच्याही आधीपासून कोकणचा कॅलिफोर्निया करण्याची भाषा व्यासपीठांवरून ऐकू येते. जी भूमी पाहायची तिच्यात दुसरीच भूमी पाहणे, हे पहिल्या दर्शनाचे सर्वांत निकृष्ट रूप, आणि ते आम्ही स्वतःच्या गावाविषयी स्वीकारले. याच्या समोर मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. नोव्हेंबर १६६४ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. त्याचे महाद्वार दोन बुरुजांच्या वळणात असे दडवले आहे की अगदी जवळ जाईपर्यंत परक्याला ते दिसत नाही. तटाची रेघ अखंड वाटते. आपल्याला चटकन ‘समजले’ जाऊ नये याची योजना या वास्तूने साडेतीन शतकांपूर्वी केली. किनाऱ्यावरच्या राजकोटात ४ डिसेंबर २०२३ रोजी उभारलेला शिवरायांचा पुतळा मात्र दुरून दिसावा म्हणूनच होता. तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि २०२५ मध्ये त्या जागी आणखी उंच पुतळा आला. पाहिले जाण्याची घाई आणि पाहू न देण्याचा संयम यांतले अंतर मोजायला होडीने जेमतेम काही मिनिटे लागतात. न दिसण्याचा हक्क शहराला असतो काय, या प्रश्नावर आपल्याकडे कोणी लिहिलेले नाही. लिहायला हवे.

पायी चालणे, अनोळखी ठिकाण आणि नीती या तिन्हींचा एकत्र विचार मराठीत पहिल्यांदा झाला तो मात्र फार पूर्वी. चक्रधरांनी आपल्या साधकांना घातलेल्या नियमांत अटन आहे, भिक्षा आहे, आणि जेथे आपले कोणी ओळखीचे नाही अशा ठिकाणी राहण्याचा आग्रह आहे. म्हणजे ‘कोणाकडे?’ या प्रश्नाला ‘कोणाकडेच नाही’ असे उत्तर देता येईल अशी स्थिती साधकाने प्रयत्नपूर्वक मिळवायची. आडनाव, गाव, आप्त यांच्या आधारावाचून दारात उभे राहायचे, आणि मिळेल ते, जातिकुळाचा विधिनिषेध न पाळता, घ्यायचे. ज्यांना दार उघडले जाणार याची खात्री होती अशांनी ती खात्री मुद्दाम टाकून द्यायची, हे या नियमाचे मर्म मला वाटते. चक्रधरांभोवतीच्या मंडळींत ब्राह्मण पुष्कळ होते हे येथे विसरता येत नाही. त्याच वेळी महाराष्ट्रातच राहावे, कानडी-तेलुगू मुलखात जाऊ नये अशीही त्यांची आज्ञा आहे. ठिकाण अनोळखी, पण भाषा आपली. नवखेपणाची ही मात्रा फार विचारपूर्वक ठरवलेली दिसते : इतके परके व्हायचे की कोणी ओळखू नये, पण इतके नव्हे की भिक्षा मागताना शब्द कळू नयेत.

आणि त्याच परंपरेतून ‘स्थानपोथी’ आली. डॉ. वि. भि. कोलत्यांनी ती संपादित करून आपल्यापुढे ठेवली. चौदाव्या शतकातला हा ग्रंथ चक्रधर जेथे जेथे गेले त्या ठिकाणांची नोंद करतो : गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणत्या बाजूला, अमक्या जागेपासून तमकी जागा कोणत्या अंगाला, कोठे आसन झाले, कोठे निजणे, कोठे आरोगणा. प्रवासलेखनाच्या आपल्या आजच्या कसोट्या लावल्या तर या ग्रंथाला काही गुण मिळणार नाहीत. त्यात लेखकाचे व्यक्तिमत्त्व नाही, भावोत्कटता नाही, निसर्गवर्णन नाही. नोंद करणाऱ्याला कोणत्या गावाचे पहिले दर्शन कसे वाटले याचा मागमूस नाही. त्याने स्वतःला इतके पुसून टाकले आहे की केवळ दिशा आणि अंतरे उरली.

तरीही वाचताना एक गोष्ट मनातून जात नाही. हे दिशानिर्देश गोळा झाले तेव्हा चक्रधरांना जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. देवळे पडली असतील, ओटे बुजले असतील. नोंद करणारा एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत गेला असेल, वेशीतून आत शिरला असेल, आणि कोणाला तरी त्याने विचारले असेल की ती जागा कोणती. त्या कोणीतरी आधी त्याला विचारले असेल, कोठून आलात. मग हातातले काम टाकून ती व्यक्ती त्याच्याबरोबर चालत गेली असेल आणि बोट दाखवून म्हणाली असेल, हे इथे, या दगडापाशी. पोथीत दगड आहे, दिशा आहे. बोट कोणाचे होते ते पोथी सांगत नाही.